तंबोरा विमानात बसला तो दिवस

माझ्या सासूबाई गातात, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. मी अक्कलकोटची. सून म्हणून नळदुर्गला आले आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पहाटे मागच्या खोलीतून गाण्याचा आवाज आला, तेव्हा मला वाटलं, घरी कुणी पाहुणी बाई उतरली आहे. उठून दाराशी गेले. आत आत्याबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणत. दिवसभर ‘चूल सारवली का, म्हशीला पाणी दावलं का’ यापलीकडं न बोलणाऱ्या त्या बाईच्या खांद्याला मोठा तंबोरा टेकलेला होता आणि त्या कानडीतलं एक वचन, म्हणजे भजनासारखं पद, गात होत्या. मला पाहून त्या थांबल्या. आता ओरडतील, असं वाटलं. त्या म्हणाल्या, “बस तिथं. आन् दार लाव. तेस्नी दुकानात तरास व्हतो.”

‘तेस्नी’ म्हणजे माझ्या सासऱ्यांना. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणे. घराच्या पुढच्या बाजूला त्यांचं अडतीचं दुकान होतं. खेड्यांतून धान्याच्या गाड्या उजाडायच्या आत येत, म्हणून अप्पा अंधारातच दुकानात जाऊन बसत. दुकानात आणि मागच्या खोलीत एकच भिंत. गाण्याविषयी अप्पांनी बरा किंवा वाईट, एकही शब्द काढलेला मी ऐकला नव्हता. आत्याबाईंची समजूत अशी, की त्यांना ते आवडत नाही, पण चालवून घेतात. त्यामुळं त्या आवाज दाबून गात. एखाद्या जागी गळा मोकळा सुटायला लागला की आधी दाराकडं बघत.

तंबोरा त्यांच्या वडिलांनी मिरजेहून आणून दिलेला. त्याचा भोपळा एवढा मोठा, की मी दोन्ही हातांनी मिठी मारली तरी माझी बोटं एकमेकांना लागत नसत. लग्नाला वर्ष झाल्यावर आत्याबाईंनी एकदा मला सूर लावायला सांगितला. मी लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, “तुला गळा न्हाय, पोरी.” मग माझा हात तारांवर ठेवून थोडा वेळ छेडायला लावलं. “पर बोटं शांत हायती. तू मागं बस.” तेव्हापासून पहाटे मी तंबोरा धरायची आणि त्या गायच्या. त्यांच्या तोंडून मला मिळालेली ती पहिली शाबासकी. कितीतरी दिवस मी ती मनात घोळवत होते.

जर्मनीशी चाललेली मोठी लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आत्याबाईंचे धाकटे भाऊ हैदराबादला वकिली करत. त्यांच्या घरच्या बारशाला आत्याबाईंनी दोन भजनं म्हटली होती आणि तिथं रेडिओवरचे एक गृहस्थ जेवायला आले होते. त्यावरून मामांनी, म्हणजे त्या भावांनी, खटपट केली. एक दिवस त्यांचं पत्र आलं, की ताईला रेडिओवर पंधरा मिनिटं दिली आहेत. अमुक दिवशी संध्याकाळी सात वाजता. मराठी आणि कानडी, दोन्ही म्हणायचं. आदल्या दिवशी पोचावं हे उत्तम, नाहीतर निदान त्या दिवशी दुपारपर्यंत.

आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. पत्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि घडी करून फडताळात टाकलं.

“म्या न्हाय जात,” त्या म्हणाल्या. “त्या डब्यातनं कोण कोण ऐकतं, काय ठावं.”

अप्पा पाणी पीत उभे होते. तांब्या खाली ठेवून ते म्हणाले, “जा की. म्या येतो संगट.” आणि दुकानात निघून गेले. आत्याबाईंनी फडताळातलं पत्र काढून परत माझ्या हातात दिलं.

आदल्या दिवशी निघायचं ठरलं होतं, पण दुकानात माल उतरला आणि अप्पांना निघता आलं नाही. आम्ही त्याच दिवशी पहाटेच्या मोटारीनं निघालो. सोलापूरहून येऊन हैदराबादला जाणारी दिवसातून एकच मोटार. ड्रायव्हर तंबोऱ्याकडं बघून म्हणाला, “वो टपावर टाका.” मी नाही म्हटलं. ड्रायव्हरला नाही म्हणण्याची माझ्यासारख्या सुनेची ती पहिलीच वेळ असावी, पण त्या टपावर ट्रंका आणि गुळाच्या ढेपी होत्या. तंबोऱ्याच्या चारही तारा मी रात्रीच उतरवून ठेवल्या होत्या. त्याला गवसणी घातली होती, म्हणजे त्याच्या मापाची कापडी पिशवी, आणि वरून वाकळ गुंडाळून सुतळीनं बांधली होती. मागच्या बाकावर तो गुडघ्यांत धरून मी बसले. दांडी सरळ उभी राहीना, छताला लागे. मग ती तिरपी करून शेजारच्या माणसाच्या खांद्यावरून पुढं काढली. तो बिचारा जळकोटला उतरेपर्यंत मान वाकडी करून बसला.

येणेगूर मागं टाकलं आणि उमरगा यायच्या आत मोटारीच्या पोटाखाली मोठा आवाज झाला. मोटार एका बाजूला कलली आणि फरफटत जाऊन थांबली. मी भोपळ्यावर पालथी पडले होते. आधी भोपळा चाचपला, मग माझं कपाळ. दोन्ही शाबूत होते. ड्रायव्हर खाली वाकून आला आणि म्हणाला, “धुरा मोडला.” म्हणजे चाकांचा आस. आता नवा धुरा सोलापूरहून आल्याशिवाय मोटार हलणार नव्हती. दुसरी मोटार उद्या याच वेळेला.

सगळे उतारू चिडले, बोलले, मग रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसले. आत्याबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं. माझ्या कानाशी येऊन त्या हळूच म्हणाल्या, “बरं झालं.” सकाळपासून पांढरा पडलेला त्यांचा चेहरा एकदम सैल झाला होता. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं. माझ्या हातून तार चुकीची लागली तर ती सगळ्या मुलखाला ऐकू जाईल, या विचारानं मला आठ दिवस झोप नव्हती.

आम्ही भाकरी खात होतो, तेवढ्यात मोटारीतली काही माणसं पलीकडच्या माळाकडं धावताना दिसली. कुणीतरी ओरडलं, “इमान! इमान उतरलंय!” अप्पा उठून गेले आणि थोड्या वेळानं परत आले. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. “खरंच हाय,” ते म्हणाले. “चला, बघून तरी येऊ.”

माळावर, गुरांच्या मधोमध, एक लहानसं पिवळं विमान उभं होतं. आमच्या धान्याच्या गाडीला पंख लावावेत एवढंच. भोवती सगळं खेडं जमलेलं. विमानाच्या सावलीत एक तरुण माणूस बसला होता, खाकी कपडे चुरगळलेले, डोळे लाल. तो हैदराबादचा. पुण्याहून परत निघाला होता. समोरून वारा लागला, पेट्रोल संपत आलं, म्हणून काल दिवस मावळताना इथं उतरला. उमरग्याला माणूस पाठवला होता, पण पेट्रोल तेव्हा परवान्यावर मिळे. माणूस हात हलवत परत आला होता.

अप्पांचं डोकं व्यापाऱ्याचं. ते विमानाकडं बघत होते आणि मग मागं वळून मोटारीकडं बघायला लागले.

“साहेब,” ते म्हणाले, “आमच्या मोटारीत पेट्रोल लई हाय. धुरा तेवढा न्हाय. तुमचं हे यंतर मोटारीच्या तेलावर चालतं का?”

तो माणूस ताडकन उठला. “हौ, चलता ना! साफ छानके डाले तो चलता.”

मग ड्रायव्हरची समजूत घालण्यात तासभर गेला. तो म्हणे, मालकाला काय सांगू. विमानवाल्यानं त्याला उर्दूत चिठ्ठी लिहून दिली, खाली सही केली, आपलं हातातलं घड्याळही देऊ केलं. ड्रायव्हरनं घड्याळ घेतलं नाही, चिठ्ठी मात्र टोपीत खोचली. मोटारीच्या टाकीतून नळीनं पेट्रोल काढून डबे भरायला सुरुवात झाली. त्या गडबडीत त्या साहेबांनी अप्पांना विचारलं, तुम्ही कुठं निघाला होता. अप्पांनी सांगितलं. कुणाचं गाणं, किती वाजता, सगळं.

विमानवाल्यांनी आमच्याकडं पाहिलं. मग माझ्या कडेवरच्या वाकळीत गुंडाळलेल्या उंच गाठोड्याकडं पाहिलं.

“अम्मा,” ते आत्याबाईंना म्हणाले, “पीछे दो सीटां खाली हैं. सात बजे के पहले पहुँचा देतूं.”

आत्याबाई दोन पावलं मागं सरल्या. “न्हाय बाबा,” त्या म्हणाल्या. “आमी जमिनीवरचीच बरी.”

“दो सीटां,” मी हळूच अप्पांना म्हटलं, “आन् तंबोऱ्यासंगट आमी तिघं. तंबोरा कुठं बसंल?” मी नकाराला कारण शोधत होते. पण विमानवाल्यांनी ते ऐकलं आणि गंभीरपणे विचार करायला लागले. जागेचं बघू, म्हणाले, प्रश्न वजनाचा आहे. माळावरून उडायचं, जागा अपुरी. तिघांचं वजन किती ते कळलं पाहिजे.

जवळच्या खळ्यावर धान्य मोजायचा मोठा तराजू तीन बांबूंना टांगलेला होता. अप्पा म्हणाले, “म्या मागनं मोटारीनं येतो. वजनाचं काम माझं.” आणि आयुष्यभर तूर आणि जवारी तोलणाऱ्या त्या माणसानं सगळ्या खेड्यासमोर आपली बायको, आपली सून आणि तंबोरा तोलला. मी सव्वा मण भरले. तंबोरा वाकळीसकट पाच शेर. आत्याबाई पदर डोळ्यांपर्यंत ओढून पारड्यात बसल्या, आणि त्यांचं वजन अप्पांनी मोठ्यानं पुकारलं नाही. विमानवाल्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी कागदावर गणित केलं, डोकं खाजवलं, आणि विमानातून स्वतःची जड ट्रंक आणि वळकटी काढून खाली ठेवली. “ये आप मोटर से लेके आना, सावकार,” ते अप्पांना म्हणाले. “अब हो जाता.”

तरी आत्याबाई हलेनात. लिंबाखाली जाऊन बसल्या. मी त्यांच्याजवळ उभी होते, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं आणि ऐकलं.

पेट्रोल गाळायला बारीक कापड पाहिजे होतं. त्यात कचरा किंवा पाण्याचा थेंब गेला तर यंत्र हवेतच बंद पडेल, असं विमानवाले सांगत होते. लोक धोतराचे सोगे पुढं करत होते, पण ते जाडेभरडे. अप्पांनी डोक्याचा रुमाल सोडला. पांढरा, तलम, दहा-बारा हात लांब. ज्या रुमालाशिवाय ते अंगणातसुद्धा येत नसत, तो त्यांनी चौपदरी करून डब्यावर धरायला दिला. मी अप्पांना उघड्या डोक्यानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. केस पार पांढरे झाले होते.

तसेच ते आमच्याजवळ आले आणि जमिनीवर बसले.

“तुला भ्या वाटतंय तर नको जाऊ,” ते आत्याबाईंना म्हणाले. “घरी जाऊ. म्या काय बोलणार न्हाय.”

“तुमास्नी कुठं गाणं आवडतंय,” आत्याबाई म्हणाल्या. “तुमी कशापायी एवढं करताय?”

अप्पा तिकडं डब्यावरच्या रुमालाकडं बघत म्हणाले, “चोवीस वरसं ऐकतोय म्या. दुकानात बसून. तू दार लावतीस तवा मला नीट ऐकू येत न्हाय, मग म्या माप थांबवतो. गाडीवाले ओरडत्यात. ओरडू दे म्हणतो.”

“मग बोलला न्हाय ते कधी?”

“बोललो असतो तर तू लाजून बंद केलं असतंस.”

आत्याबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. मग त्या उठल्या, लुगडं झटकलं आणि मला म्हणाल्या, “अंजबेड. चल.” भिऊ नको, हे त्या मला कानडीत म्हणाल्या. घाबरल्या की त्या कानडीत बोलत.

खेड्यातल्या माणसांनी माळावरचे धोंडे उचलले, बोरीची झुडपं तोडली, गुरं हाकलून लांब नेली. आम्हाला आत चढवलं. पुढं एकटे विमानवाले, मागं आम्ही दोघी एकमेकींना चिकटून. तंबोऱ्याचा भोपळा माझ्या मांडीवर, आणि दांडी पुढं विमानवाल्यांच्या खांद्यावरून गेलेली, इतकी की खुंट्या त्यांच्या उजव्या कानाशी आल्या. त्यांनी मागं वळून पाहिलं आणि म्हणाले, “ये भी चलाएगा क्या विमान?” मला हसू आलं. त्या दिवसातलं पहिलं.

मग यंत्र सुरू झालं आणि बोलणं संपलं. एवढा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. विमान माळावरून धडधडत सुटलं. मी डोळे मिटले आणि भोपळ्याला दोन्ही हातांनी कवळून धरलं. एक मोठा धक्का बसला, दुसरा बसला, तिसऱ्याची मी वाट बघत राहिले आणि तो बसलाच नाही. डोळे उघडले तर खाली लिंबाचं झाड बोटाएवढं, आणि त्याच्याजवळ एक माणूस उघड्या डोक्यानं, हात डोळ्यांवर धरून उभा.

वर गार होतं. खाली जवारीची शेतं चौकोनी चौकोनी, मध्ये काळी नांगरट. सुरुवातीला बरं चाललं होतं, मग विमान एकाएकी खाली पडल्यासारखं व्हायला लागलं. दर वेळी खुंट्या विमानवाल्यांच्या कानाला टक्कन लागत आणि ते हातानं दांडी बाजूला सारत. मला एकच भीती होती, भोपळा तडकण्याची. तो वाळलेला, पोकळ, नखानं दाबला तरी भेगाळेल असा. तारा सैल होत्या, तरी यंत्राच्या आवाजानं भोपळा आतून घुमत होता. ते घुमणं माझ्या मांड्यांना, छातीला, हनुवटीला जाणवत होतं. जोवर हे घुमतंय तोवर तो फुटला नाही, असं मी मनाशी म्हणत राहिले. फुटलेला भोपळा वेगळा वाजतो, एवढं मला माहीत होतं.

आत्याबाईंकडं पाहिलं तर त्यांचे डोळे मिटलेले, एका हातात गळ्यातलं इष्टलिंग घट्ट धरलेलं, आणि ओठ हलत होते. जप करताहेत असं मला वाटलं. मी त्यांचा दुसरा हात धरला. पण जपाला तोंड एवढं उघडत नाही. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. मी माझा कान त्यांच्या तोंडाशी नेला. त्या गात होत्या. पूर्ण गळ्यानं, वरच्या पट्टीत, जसं घरी कधी गायल्या नव्हत्या तसं. शेजारी बसून मला त्यातलं जेमतेम ऐकू येत होतं. एक भजन संपलं की त्या दम घेत आणि दुसरं सुरू करत. हैदराबाद येईपर्यंत त्यांनी सगळं म्हणून टाकलं, मला वाटतं दोनदा.

विमान टेकलं तेव्हा अजून ऊन होतं. मी आधी वाकळ सोडली, मग गवसणी. सुतळीची गाठ सुटेना, तर विमानवाल्यांनी चाकूनं कापली. भोपळ्यावरून मी सगळीकडून बोटं फिरवली, मागं, खाली, जोडापाशी. मग बोटाच्या गाठीनं हळूच ठोकलं. खणखणीत वाजला. मी तिथंच मैदानावर खाली बसले आणि रडले. आत्याबाई माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या होत्या. विमानवाले बिचारे घाबरले. “क्या हुआ? टूटा क्या?” आत्याबाई म्हणाल्या, “न्हाय, न्हाय. टुटा न्हाय. म्हणूनच रडती.”

विमानवाल्यांनी आम्हाला टांगा करून दिला आणि मामांच्या घरचा पत्ता टांगेवाल्याला सांगितला. मामा सकाळपासून मोटारीच्या तळावर चकरा मारून थकले होते. आम्ही कशा आलो हे त्यांना सांगायलाच अर्धा तास गेला, कारण त्यांना ते खरं वाटेना.

रेडिओच्या त्या खोलीत भिंतींना जाड कापड लावलेलं होतं. दार बंद झालं की कान बसल्यासारखं वाटे. आत्याबाईंना हे एकदम पसंत पडलं. “बघ,” त्या मला म्हणाल्या, “हितं दार किती चांगलं हाय.” तारा चढवायला मला वेळ भरपूर मिळाला, पण वरच्या गारठ्यातून आल्यामुळं असेल, खुंट्या निसटत होत्या. तार गुंजावी म्हणून घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सूत सारून जवारी लावतात, ते सूत वाटेत कुठंतरी गळून गेलं होतं. मी माझ्या लुगड्याच्या पदरातला एक धागा ओढून काढला, तोडला, आणि तो लावला. तंबोरा चांगला बोलला.

तांबडा दिवा लागला. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, दार लावलेलं होतं, आणि मग त्यांनी आवाज सोडला. तो आवाज मला नवा होता. म्हणजे त्यांचाच, पण ज्याच्यावर आजवर हात दाबलेला होता आणि आता तो उचलला गेला. मी छेडत होते आणि मला सारखं वाटत होतं, बोटांनो, आता शांत राहा. दुसऱ्या भजनात पंचमाची तार थोडी उतरली. मला कळलं, पण मध्येच हात लावायचं धाडस झालं नाही.

दिवा विझला. आत्याबाईंनी दिव्याकडं निरखून बघितलं. मग मला विचारलं, “झालं?”

“झालं, आत्याबाई.”

“येवढंच व्हतं व्हय?” त्या म्हणाल्या, आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की बाहेरचा माणूस दार उघडून बघून गेला. त्या रात्री मामांच्या घरी मी जेवणावरच पेंगले. आठ दिवसांची झोप एकदम आली. तंबोरा भिंतीशी ठेवला आणि त्याच्याशेजारीच अंथरूण टाकून झोपले, उन्हं अंगावर येईपर्यंत.

अप्पा दुसऱ्या दिवशी मोटारीनं आले. संगती विमानवाल्यांची ट्रंक आणि वळकटी. आधी ती त्यांच्या घरी पोचवली, मगच आमच्याकडं आले. धुळीनं भरलेले, डोक्याला रुमाल बांधलेला, त्याला पेट्रोलचा भपकारा. मामींनी पाय धुवायला पाणी दिलं. आत्याबाई दाराआड उभ्या होत्या. कालच्याविषयी कुणी काही विचारेना, म्हणून मीच म्हटलं, “अप्पा, तुमास्नी काय ते ऐकाय मिळालं न्हाय.”

“मिळालं की,” ते म्हणाले.

आम्हाला उडवून दिल्यावर ते मोटारीपाशी थांबले नव्हते. ट्रंक आणि वळकटी एका बैलगाडीत टाकून उमरग्याला गेले. कुणाच्या घरी रेडिओ आहे, अशी चौकशी केली. एका डॉक्टरांकडं होता. त्यांच्या ओट्यावर संध्याकाळी दहा-पंधरा माणसं ऐकायला जमत. अप्पा त्यांच्यात जाऊन बसले. सात वाजले, नाव पुकारलं, गाणं लागलं.

“मग लोकास्नी सांगितलं असंल, आमच्या घरचीच हायत म्हणून?” मी विचारलं.

“न्हाय.”

“का बरं?”

“सांगितलं असतं तर बोलत बसले असते माझ्याशी. मला ऐकायचं व्हतं.” त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “दुसऱ्या भजनात तंबोरा जरा उतरला व्हता.”

मी मान खाली घातली. पण मला मुळीच वाईट वाटलं नाही. उलट छातीवरचं उरलंसुरलं ओझंही गेलं. चूक झाली होती, ती ऐकणाऱ्यानं ऐकली होती, आणि काहीही बिघडलं नव्हतं.

दाराआडून आत्याबाई पुढं आल्या. मला वाटलं, आता त्या काहीतरी विचारतील, कसं वाटलं, काय. अप्पांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते टॉवेल हातात धरून थांबले.

“मोटारीत काय खाल्लं का न्हाय?” आत्याबाईंनी विचारलं.

“कुठलं खाणं.”

“बसा मग. गरम भाकरी टाकते.”

आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळानं परातीत पीठ मळल्याचा आवाज यायला लागला, आणि मग भाकरी थापल्याचा, एका लयीत, न थांबता. त्याच्यावर हळू आवाजात गुणगुणणं. मामींच्या स्वैपाकघराचं दार सताड उघडं होतं. अप्पा पाटावर बसले, पाठ भिंतीला टेकली, आणि पाय लांब सोडून ऐकत राहिले.